दिवस पवित्र कोण ठरवतो?

सरकारी सुट्ट्यांच्या यादीत ख्रिस्ती सण म्हणून बहुधा दोनच दिवस दिसतात, गुड फ्रायडे आणि नाताळ. ईस्टर रविवारीच येत असल्याने त्याला वेगळ्या सुट्टीची गरज पडत नाही. यादी वाचणाऱ्याची समजूत अशी होते की जगभरचे ख्रिस्ती हे दिवस एकाच तारखेला आणि एकाच भावनेने पाळत असतील. प्रत्यक्षात रशियातला ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ७ जानेवारीला नाताळ करतो, आर्मेनियातला ६ जानेवारीला, आणि यहोवाचे साक्षीदार तो करतच नाहीत. या फरकांचे दोन खुलासे नेहमी ऐकू येतात. पहिला म्हणजे हा पंचांगाचा गोंधळ आहे, दुसरा म्हणजे ही पंथापंथांतली भाऊबंदकी आहे. पंचांगाचा घोळ आपल्याला नवा नाही. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांचा गणपती काही वर्षी इतरांच्या महिनाभर आधी बसतो, आणि त्यावरून कोणी कोणाला अधर्मी म्हणत नाही. तिथे वाद गणिताचा असतो. ख्रिस्ती सणांच्या मुळाशी मात्र एक वेगळा प्रश्न आहे: एखादा दिवस पवित्र ठरवण्याचा अधिकार कोणाचा? चर्चचा, परंपरेचा, बायबलचा, की कोणाचाच नाही? ज्या पंथाचे याला जे उत्तर, तसे त्याचे सण.

हा प्रश्न जवळजवळ ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. दुसऱ्या शतकात आशिया मायनरमधल्या मंडळ्या ख्रिस्ताच्या मरणाचा आणि पुनरुत्थानाचा सण यहुद्यांच्या वल्हांडणाच्या दिवशी, म्हणजे निसान महिन्याच्या १४ तारखेला पाळत. मग वार कोणताही येवो. रोममध्ये तो रविवारीच होई. साधारण इ.स. १५५ च्या सुमारास स्मर्ना येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेले आणि तिथले बिशप अनिसेतस यांच्याशी त्यांची या विषयावर चर्चा झाली. आपली रीत प्रेषित योहानापासून चालत आल्याचे पॉलिकार्पांचे म्हणणे होते. अनिसेतस आपल्या आधीच्या धर्मवडिलांची रीत सोडायला तयार नव्हते. कोणीच कोणाला पटवू शकले नाही, तरी अनिसेतस यांनी आपल्या मंडळीत प्रभुभोजनविधी चालवण्याचा मान पाहुण्याला दिला आणि दोघे सलोख्याने वेगळे झाले. पुढे १९० च्या आसपास रोमचे बिशप व्हिक्टर यांनी आशियातल्या मंडळ्यांना बहिष्कृत करण्याचा पवित्रा घेतला, तेव्हा रोमचीच रीत पाळणाऱ्या बिशप आयरेनियस यांनी त्यांना या जुन्या सलोख्याची आठवण करून दिली. गणित दोन्ही बाजूंना येत होते. अडले होते ते कोणाची साक्ष मानायची यावर. ३२५ मध्ये नायसिया येथील धर्मपरिषदेने सर्वांनी एकाच रविवारी सण करावा असे ठरवले, आणि वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा नियम रूढ झाला.

गणित खरोखर बिघडले ते नंतर. ज्युलियन कॅलेंडरचे वर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे असल्याने सोळाव्या शतकापर्यंत संपात दहा दिवस मागे सरकला होता. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये दुरुस्ती केली आणि ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. दुरुस्ती अचूक होती, पण तिच्यावर पोपचा शिक्का होता. जर्मनीतल्या प्रोटेस्टंट संस्थानांनी ती १७०० पर्यंत लांबवली, ब्रिटनने १७५२ पर्यंत. ऑर्थोडॉक्स जगात ती आजही पूर्ण उतरलेली नाही. १९२३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या बैठकीत सुधारित कॅलेंडर पुढे आले. ग्रीस, रुमानिया वगैरे चर्चनी नाताळ त्याप्रमाणे २५ डिसेंबरला आणला, तर रशिया, सर्बिया, जॉर्जिया आणि जेरुसलेम जुन्यावरच राहिले. ईस्टर मात्र फिनलंडसारखा अपवाद वगळता जवळजवळ सर्वच ऑर्थोडॉक्स जुन्या गणनेने पाळतात. संपात चुकतो हे त्यांनाही माहीत आहे. पण त्यांच्या दृष्टीने साऱ्या सणांचा मुकुटमणी असलेला हा दिवस एका चर्चने एकट्याने हलवण्याचा नसतो, सर्वांनी मिळून हलवायचा असतो. ग्रीसमध्ये एवढ्या बदलानेही जुन्या कॅलेंडरवाल्यांचा वेगळा गट फुटला. युक्रेनमध्ये २०२३ साली तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चने नाताळ ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरवर नेला आणि सरकारी सुट्टीही हलली. त्या निर्णयामागे खगोलशास्त्र नव्हते, मॉस्कोपासून दूर होणे होते. तारीख बदलताच आपण कोणाचे ऐकतो हेही जाहीर होते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: नाताळ मुळात रोमन सूर्यपूजकांचा सण, चर्चने तो उचलला, मग त्याच्या पावित्र्याची चर्चा कशाला? हा आक्षेप जितक्या खात्रीने मांडला जातो तितका पुरावा त्यामागे नाही. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये अजिंक्य सूर्याच्या उपासनेला राजाश्रय दिला हे खरे. पण २५ डिसेंबरचा सूर्योत्सव आणि त्याच तारखेचा ख्रिस्तजन्म या दोन्हींची सर्वांत जुनी स्पष्ट नोंद ३५४ सालच्या एकाच रोमन पंचांगात सापडते. त्यामुळे कोणी कोणाकडून घेतले हे छातीठोकपणे सांगता येत नाही. दुसरे मत असे की ख्रिस्ताचा गर्भधारणेचा आणि मरणाचा दिवस एकच मानून, २५ मार्चपासून नऊ महिने मोजून ही तारीख निघाली. पूर्वेकडे ६ एप्रिल धरल्याने ६ जानेवारी निघाली. आर्मेनियन चर्चने ही जुनी पौर्वात्य तारीख आजवर टिकवली असून त्या एकाच दिवशी ते जन्म आणि बाप्तिस्मा दोन्ही साजरे करतात. उगम काहीही असो, तो सापडल्याने प्रश्न सुटत नाही. बिगर-ख्रिस्ती मूळ सिद्ध झाले तरी कॅथलिक म्हणेल, चर्चने त्या दिवसाला नवा अर्थ दिला, तेवढा अधिकार चर्चला आहे. आणि मूळ निखळ ख्रिस्ती निघाले तरी कट्टर प्युरिटन, म्हणजे बायबलात आज्ञा नाही ते न मानणारा प्रोटेस्टंट, म्हणेल, बायबलमध्ये आज्ञा कुठे आहे?

कॅथलिक चर्चचे उत्तर सर्वांत नेमके आहे, कारण ते कायद्यात लिहिलेले आहे. १९८३ च्या धर्मसंहितेत रविवारांखेरीज दहा दिवस मिस्साला हजर राहण्याच्या बंधनाचे म्हणून दिले आहेत. त्यांपैकी काही कमी करण्याची किंवा रविवारावर ढकलण्याची मुभा रोमच्या संमतीने प्रत्येक देशाच्या बिशपमंडळाला आहे. जे चर्च बांधते ते चर्च सोडवूही शकते. १९६९ मध्ये पोप सहावे पॉल यांनी संतांच्या दिनदर्शिकेची मोठी छाटणी केली, त्यात संत थॉमसचा सण २१ डिसेंबरवरून ३ जुलैला आला. केरळातले सीरियन परंपरेचे ख्रिस्ती ३ जुलै आधीपासूनच पाळत होते. अँग्लिकनांच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात मात्र २१ डिसेंबरच राहिला.

धर्मसुधारणेच्या काळात या अधिकारालाच हात घातला गेला, पण सर्वांनी सारखा नाही. ल्यूथरने संतांचे सण कमी केले, नाताळ आणि ईस्टर ठेवले. बायबल ज्याला मनाई करत नाही ते चालेल, अशी त्या परंपरेची भूमिका. जिनिव्हाने १५५० मध्ये रविवार सोडून सगळे सण रद्द केले. हा ठराव आपला नव्हता, असे तिथला धर्मसुधारक कॅल्विन याने पत्रात लिहिले आहे. स्कॉटलंड याहून पुढे गेले. स्विस सुधारकांच्या १५६६ च्या श्रद्धापत्रकात जन्म, मरण, पुनरुत्थान वगैरेंचे दिवस ख्रिस्ती स्वातंत्र्यातून पाळण्यास हरकत नाही असे म्हटले होते. स्कॉटिश चर्चने ते श्रद्धापत्रक मान्य केले, पण सणांचे तेवढे कलम वगळून. म्हणजे एकाच घराण्यातले दोन भाऊ एकच बायबल उघडून वेगळ्या निष्कर्षाला आले. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर आणि पेंटेकॉस्ट हे सण कायद्याने बंद केले. त्या नाताळाला कँटरबरीत दंगल झाली. मॅसॅच्युसेट्सने १६५९ मध्ये नाताळ करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला, तो १६८१ मध्ये उठला. हे प्युरिटन आनंदाचे वैरी होते असे समजणे सोपे आहे, आणि चूक आहे. अवर्षण पडले की ते उपवासाचा दिवस जाहीर करत, पीक चांगले आले की उपकारस्तुतीचा. देवाने आज काही केले म्हणून आज त्याच्यापुढे यावे, हे त्यांना मान्य होते. दरवर्षी ठरल्या तारखेला, माणसांच्या हुकमाने यावे, हे नव्हते. क्वेकर पंथाने हाच धागा टोकाला नेला: सगळेच दिवस देवाचे, मग एकाला वर का काढायचे?

सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट त्याच बायबलमधून उलट निघतात. आज्ञा शब्बाथाची आहे, शब्बाथ शनिवारी आहे, आणि तो रविवारी नेण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. पुण्याच्या स्पायसर संस्थेमुळे हा पंथ महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. त्यांचा पवित्र दिवस शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होतो. यहोवाचे साक्षीदार वर्षातून एकच स्मारकदिन पाळतात, ख्रिस्ताच्या मरणाचा, आणि तोही निसान १४ लाच. पॉलिकार्पांची तारीख अशी अठरा शतकांनी परत आली, अर्थात पूर्ण वेगळ्या सिद्धांताच्या पोटी.

महाराष्ट्रात सणांनी वर्ष भरणारा आणि ठरलेले सण नाकारणारा, असे दोन्ही प्रवाह थोड्या अंतरावर आहेत. वसई, उत्तन, वांद्रे या पट्ट्यात पोर्तुगीज काळापासून रुजलेले कॅथलिक वर्ष संतांच्या सणांनी भरलेले असते. मरियामातेच्या जन्माच्या ८ सप्टेंबरच्या सणाला धरून भरणाऱ्या वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत सर्व धर्मांची माणसे जातात, आणि शेजारच्या गोव्यात २४ जूनचा सांजाव पावसाळी विहिरींत उड्या मारून होतो. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरात मात्र ख्रिस्ती धर्म आणला अमेरिकन मराठी मिशनने. हे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला आले, ते न्यू इंग्लंडच्या कॉन्ग्रिगेशनल परंपरेतून, म्हणजे त्या दंडवाल्या प्युरिटनांच्या वारशातून. मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळ सरकारी सुट्टी झाला तो १८५६ मध्ये. तोवर नगरच्या कामाला पाव शतक होऊन गेले होते. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात संतांची दिनदर्शिका बाळगणारे अँग्लिकन आणि तसे काही न मानणारे बाप्टिस्ट, ब्रदरेन यांच्यासह सहा प्रवाह एकत्र आले. लेकरांचा बाप्तिस्मा की प्रौढांचा, यासारख्या वादातही दोन्ही रीती ठेवून पुढे जाणाऱ्या या चर्चला सणांवरून फुटण्याचे कारण उरले नाही.

इथे कोणी म्हणेल, मग तुमचा सिद्धांत गेलाच. आज स्कॉटलंडातही नाताळची रोषणाई असते आणि नगरच्या चर्चमध्ये नाताळचे कार्यक्रम रंगतात. अधिकाराचा प्रश्न लोकांनी केव्हाच मोडीत काढला. यात तथ्य आहे. स्कॉटलंडमध्ये नाताळ सार्वजनिक सुट्टी झाला तो थेट १९५८ मध्ये, आणि त्यामागे धर्मशास्त्रापेक्षा बाजार, शाळा आणि कामगारांची सोय यांचा वाटा मोठा. रीतीही कुंपणे ओलांडतात. गुड फ्रायडेला वधस्तंभावरील सात उद्गारांवर होणारी तीन तासांची उपासना आज आपल्याकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांची ओळख झाली आहे. तिचा उगम मात्र पेरूतील लिमा शहरातल्या जेझुइटांच्या भक्तीत आहे. तरीही वागणे सारखे झाले म्हणून कारण सारखे होत नाही. संतांच्या सणाला कॅथलिक त्या संताची मध्यस्थी मागतो. प्रोटेस्टंट पाळकाने त्याच संताची आठवण काढली तरी तो त्याच्याकडे काही मागणार नाही. नाताळचा दिवस कॅथलिकाला बंधनाचा, स्कॉटिश परंपरेतल्या प्रेस्बिटेरियनाला ऐच्छिक. मिस्सा चुकवल्याचे पहिल्याला कबुलीजबाबात सांगावे लागते, दुसऱ्याला फार तर पाळकांची नाराजी सोसावी लागते.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो: निदान ईस्टरची एक तारीख ठरवून टाका. प्रयत्न झाले आहेत. १९९७ मध्ये सीरियातील अलेप्पो इथे जमलेल्या विविध पंथांच्या प्रतिनिधींनी नायसियाचा नियम ठेवावा, पण संपात आणि पौर्णिमा आधुनिक खगोलशास्त्राने, जेरुसलेमच्या रेखांशावरून काढावी, अशी सूचना केली. सूचना निर्दोष होती, तरी ती अमलात आली नाही. व्हॅटिकननेही सर्वसंमतीने ठरलेल्या निश्चित रविवारला आपली हरकत नसल्याचे १९६३ मध्येच सांगितले होते. सर्वसंमती कोणी घडवायची, इथेच गाडी अडते. सेंट पॉलने रोमकरांना लिहिताना, कोणी एक दिवस दुसऱ्याहून मोठा मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, तर प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, अशा अर्थाचा सल्ला दिला होता. चर्चांनी तो एकमेकांचे सण सोसण्यापुरता बराचसा मानला आहे. एका सणावर येण्यासाठी तो पुरत नाही. २०२४ मध्ये पश्चिमेचा ईस्टर ३१ मार्चला आणि पूर्वेचा ५ मे रोजी झाला. नायसियाच्या परिषदेला १७०० वर्षे झाली त्या २०२५ साली दोन्ही गणनांचा रविवार योगायोगाने एकच आला, २० एप्रिल. लगेच पुढच्या वर्षी, २०२६ मध्ये, पश्चिमेचा ईस्टर ५ एप्रिलला आणि पूर्वेचा १२ एप्रिलला.