दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धा : कांहीं सूचना

गेल्या शनिवारीं आमच्या घरीं रात्रीचीं जेवणें लांबलीं. मुलांच्या गायनस्पर्धेंत त्या दिवशीं कोणास घरीं जावें लागणार याचा निकाल होता, आणि सर्व मंडळी दूरचित्रवाणीसमोर बसली होती. वाद्यांचा गजर थांबला, दिवे मंदावले. निवेदिकेनें पुष्कळ वेळ घेऊन नऊदहा वर्षांच्या एका मुलाचें नांव उच्चारलें. मुलानें ओंठ घट्ट मिटून धरले होते; परंतु त्याचे डोळे भरून येईपर्यंत कॅमेऱ्यानें त्याचा पिच्छा सोडला नाहीं. आमची नात दुसरींत आहे. तिनें विचारलें, "आजोबा, तो चुकला कुठें?" छत्तीस वर्षें मुलांच्या चुका दाखविण्यांत आमचें आयुष्य गेलें, पण या प्रश्नास आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. कोणी कांहीं सांगितलेंच नव्हतें.

त्या प्रश्नानें सुचविलेले चार विचार वाचकांपुढें ठेवीत आहों. या स्पर्धा बंद व्हाव्या असें आमचें म्हणणें नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. ज्या घरांत कधीं तंबोरा लागला नाहीं, त्या घरांतही या स्पर्धांमुळें अभंग आणि नाट्यपदें पोहोंचलीं. तेव्हां वस्तु टाकाऊ नाहीं. तिची घडण मात्र बदलली पाहिजे.

ही घडण कशी झाली तें थोडक्यांत पाहूं. हिंदी वाहिनीवर 'सा रे ग म' ही स्पर्धा १९९५ सालीं सुरू झाली. तींत संगीतांतील जाणकार गुण देत आणि प्रेक्षक ऐकत. पुढें विलायतेंत २००१ सालीं 'पॉप आयडॉल', अमेरिकेंत २००२ सालीं 'अमेरिकन आयडॉल' आणि आपल्याकडे २००४ सालीं 'इंडियन आयडॉल' अशी परंपरा आली. तिचा पहिला मान अभिजीत सावंत या मराठी तरुणास मिळाला, याचा आम्हांसही आनंद झाला होता. परंतु या नव्या पद्धतींत निकालाची सूत्रें प्रेक्षकांच्या भ्रमणध्वनीकडे गेलीं, आणि दर आठवड्यास एकास बाहेर काढणें हाच कार्यक्रमाचा कळस ठरला. गाणें मागें पडलें. 'आज कोण जाणार' हें पुढें आलें.

येथें कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'ची आठवण होते. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद राजापुढें येतो. राजा स्वतः निर्णय देत नाहीं. पक्षपाताचा संशय नको म्हणून विदुषी परिव्राजिकेस परीक्षक नेमलें जातें. ती परीक्षा घेते आचार्यांची, आणि ती शिष्यांच्या प्रयोगावरून! कोणास विद्या स्वतःस उत्तम येते, कोणास ती दुसऱ्यास उत्तम देतां येते. दोन्ही ज्याच्या ठायीं असेल तो अग्रगण्य, असा तिचा निकष. आतां गंमत अशी, कीं ही सारी स्पर्धा जुळवून आणली आहे विदूषकानें, आणि तीही राजास मालविकेचें दर्शन व्हावें एवढ्याचसाठीं! स्पर्धेच्या पडद्यामागें निराळाच हेतु असूं शकतो, हें कालिदासास पुरतें ठाऊक होतें. आज विदूषकाच्या जागीं जाहिरातदार आला आहे, इतकाच फरक.

आतां आमच्या सूचना.

पहिली व मुख्य सूचना ही, कीं परीक्षकांनीं कारण सांगावें. 'अप्रतिम', 'अंगावर कांटा आला' हे उद्गार झाले. ही परीक्षा नव्हे. गाणें झाल्यावर त्यांतील एकच ओळ पुन्हां ऐकवावी आणि दाखवावें, कीं येथें पंचम किंचित् उतरला, येथें श्वास शब्दाच्या मध्येंच तुटला, आणि ही जागा मात्र मोठ्या गवयासही शोभेल अशी घेतली. यास दोन मिनिटें पुरेत. त्यायोगें गाणाऱ्या मुलास पुढच्या आठवड्याचा अभ्यास मिळेल. आणि ऐकणाऱ्या लाखों घरांस कान मिळेल, हा लाभ त्याहून मोठा.

दुसरी सूचना : लहान मुलांच्या स्पर्धेंतून कोणास काढूंच नये. आरंभीं दहाबारा मुलें निवडावीं आणि शेवटपर्यंत तींच गाऊं द्यावीं. प्रत्येकाचें आजचें गाणें त्याच्याच पहिल्या गाण्याशेजारीं ठेवून प्रगति दाखवावी. आमचे एक स्नेही म्हणाले, "मास्तर, रडारड नसेल तर पाहणार कोण?" आमचें उत्तर असें. मराठी 'सारेगमप'च्या २००८-०९ मधील मुलांच्या पर्वांत कार्तिकी गायकवाड विजयी झाली. परंतु महाराष्ट्राच्या घराघरांत आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत हीं नांवेंही तितकींच राहिलीं. २०२१ सालीं तींच पांचही मुलें मोठीं होऊन परीक्षकांच्या आसनावर बसलीं, तेव्हां कोणाचा क्रमांक कितवा होता हें कोणी विचारलें नाहीं. लोकांस गोडी लागते ती मुलें वाढतांना पाहण्याची.

शिवाय बाहेर काढण्याचा न्याय तरी कितपत खरा ठरतो? २००५ सालच्या 'फेम गुरुकुल' स्पर्धेंतून अंतिम फेरीपूर्वींच बाहेर पडलेला अरिजित सिंह पुढें हिंदी चित्रपटसंगीतांतील अग्रगण्य गायक झाला. 'अमेरिकन आयडॉल'मध्यें २००४ सालीं सातव्या क्रमांकावर राहिलेल्या जेनिफर हडसनला २००७ सालीं अभिनयाचें ऑस्कर मिळालें. हीं माणसें सावरलीं. जीं सावरलीं नसतील तीं आपणांस दिसत नाहींत.

याविषयीं आम्ही अधिकारानें बोलतों, तो अधिकार आमच्याच चुकीचा आहे. नोकरीच्या आरंभीं आम्ही वार्षिक निकाल वर्गांत क्रमानें वाचून दाखवीत असूं, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. त्यानें ईर्ष्या वाढते अशी आमची समजूत होती. पुष्कळ वर्षांनीं एक गृहस्थ बसथांब्यावर भेटले, वाकून नमस्कार केला आणि हंसत म्हणाले, "गुरुजी, मी त्रेचाळिसावा. शेवटचा." त्यांस क्रमांक स्मरत होता, कोणतें गणित चुकलें होतें तें स्मरत नव्हतें. आम्हींच तें कधीं सांगितलें नव्हतें. त्यांच्या मनांत राग नव्हता, म्हणून आम्हांस अधिक लाज वाटली.

सरकारनें याकडे अगदींच दुर्लक्ष केलें आहे असें नाहीं. माहिती व प्रसारण मंत्रालयानें जून २०१९ मध्यें वाहिन्यांस बजावलें, कीं नृत्याच्या कार्यक्रमांत लहान मुलांकडून वयास न शोभणारे हावभाव करवूं नयेत. हें योग्यच झालें. पण मुलाच्या डोळ्यांतील पाणी जवळून टिपण्याविषयींही असाच संकोच आपण होऊन पाळला गेला पाहिजे.

तिसरी सूचना : गुण आणि मतें यांची खिचडी करूं नये. जाणकारांचा मान वेगळा आणि लोकांच्या आवडीचा मान वेगळा, असे दोन मान द्यावे. दोन्ही मान खरे आहेत. परंतु एकानें दुसऱ्याचें सोंग घेऊं नये. मोठ्यांच्या स्पर्धेंत तर परीक्षकांस मान राखून ठेवण्याचाही अधिकार असावा. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेंत २०२२ सालीं एकही एकांकिका त्या योग्यतेची न वाटल्यामुळें परीक्षकांनीं करंडक कोणासच दिला नाहीं. चर्चा पुष्कळ झाली. पण करंडकाचें मोल कमी झालें नाहीं.

चौथी सूचना : आधीं सूर, मग घरची हकीकत. हॉलंडमध्यें २०१० सालीं निघालेल्या 'द व्हॉइस' या स्पर्धेंत पहिल्या फेरीस परीक्षक पाठ फिरवून बसतात. केवळ आवाज ऐकून निवड करतात. ही युक्ति आपण पुढेंही चालवावी. बापाची गरिबी आणि आईचे अश्रु गाण्यापूर्वीं दाखविले, कीं ऐकणाराचा कान दयेनें भरतो. आणि परिव्राजिकेचा निकष स्मरून गुरूसही रंगमंचावर बोलवावें. अमुक जागा मुलाकडून कशी बसवून घेतली तें त्यानें दोन शब्दांत सांगावें. कोंकणांतल्या किंवा मराठवाड्यांतल्या एखाद्या अप्रसिद्ध शिक्षकाचा त्यांत केवढा गौरव होईल!

वाहिनीवाले आमचें ऐकतील तेव्हां ऐकोत. तोंवर आपल्या घरीं काय करतां येईल? या शनिवारीं आम्हीं एक प्रयोग केला. प्रत्येक गाणें संपतांच यंत्राचा आवाज बंद केला; परीक्षकांचें मत ऐकण्यापूर्वीं घरांतील प्रत्येकानें एक चांगली जागा आणि एक उणीव सांगायची, असा नियम ठरविला. सूनबाईंनीं ताल पकडला, चिरंजीव गोंधळले. नात मात्र डोळे मिटून बसली होती. ती म्हणाली, "आजोबा, तिनें 'विठ्ठल' म्हणतांना मध्येंच श्वास घेतला." आम्हीं तें ध्यानांत घेतलें नव्हतें. तिला विचारलें, तर तिनें तो शब्द एका श्वासांत म्हणून दाखविला.

निकालाच्या वेळीं आमच्या घरीं जेवणें चालूं होतीं.