बाहेरून कडी
(लेखमाला : काळोखाचे वाडे – लेखांक ३)

उडॉल्फोच्या किल्ल्यात एमिलीला जी खोली मिळते, तिला दोन दारं आहेत. एक येण्याजाण्याचं. दुसरं अंधाऱ्या जिन्याकडे उघडणारं. झोपण्याआधी ती हे दुसरं दार लावायला जाते, तर आतल्या बाजूला कडीच नाही. कड्या दोन आहेत, पण दोन्ही बाहेरून. म्हणजे या खोलीत राहणारीला दार लावून घेता येणार नाही. बाहेरच्याला मात्र तिला कोंडून ठेवता येईल. एमिली एक जड खुर्ची ओढते, दाराला टेकवते आणि तेवढ्यावर रात्र काढायला बघते.

ॲन रॅडक्लिफच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ या १७९४ सालच्या चार खंडी कादंबरीत चमत्कारिक आवाज आहेत, रात्री ऐकू येणारं संगीत आहे, काळ्या पडद्याआड काहीतरी भयंकर आहे. तरी मला विचाराल तर त्या पुस्तकातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट म्हणजे ती कडी.

गेल्या आठवड्यात आपण होरेस वॉलपोलच्या ‘ऑट्रँटो’पाशी थांबलो होतो. तिथे आभाळातून राक्षसी शिरस्त्राण पडतं आणि ऐन लग्नाच्या दिवशी नवरामुलगा चिरडला जातो. कुठून पडलं, कसं पडलं, विचारायची सोय नाही. ते पुस्तक आलं १७६४ मध्ये. त्याच वर्षी लंडनमध्ये ॲनचा जन्म झाला. वडील दुकानदार, पुढे बाथ शहरात वेजवूडच्या चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान सांभाळणारे. नवरा पत्रकार. त्याला कचेरीतून यायला रात्र होई, तेव्हा ती लिहीत बसे, असं तिच्या चरित्रात येतं. ज्या इटलीची वर्णनं वाचून लोक वेडे झाले, ती इटली तिने पाहिलेली नव्हती.

वॉलपोलचं भूत खरं असतं. रॅडक्लिफ मात्र शेवटी हिशेब चुकता करते. आवाज कुणाचा, गाणारं कोण, पडद्याआड काय, सगळ्याचा उलगडा होतो. त्या काळ्या पडद्यामागे जे पाहून एमिली बेशुद्ध पडते, तो निघतो मेणाचा पुतळा. आणि हे कळायला वाचकाला चौथ्या खंडापर्यंत ताटकळावं लागतं. अनेक वाचक तेव्हाही चिडले, आजही चिडतात. एवढं घाबरवलंत ते मेणासाठी?

पण भुतांचा उलगडा झाल्यावर मागे काय उरतं ते पाहा. उरतो मोंटोनी, किल्ल्याचा मालक. त्याने एमिलीच्या आत्याशी लग्न केलंय ते तिच्या जमिनीवर डोळा ठेवून. आत्याने ती स्वतःच्या नावावर राखलेली. कागदावर सही करायला ती नकार देते. मग तिची रवानगी बुरुजात होते आणि तिथेच ती आजारी पडून मरते. जमीन एमिलीकडे येते, आणि तोच कागद आता एमिलीपुढे सरकवला जातो. भूत खोटं निघालं तरी सहीचा कागद खराच राहतो.

गोष्ट १५८४ सालची, फ्रान्स-इटलीतली. वाचणारी मात्र १७९४ ची इंग्लिश बाई होती आणि तिला हा कागद ओळखीचा होता. विल्यम ब्लॅकस्टोनच्या इंग्लिश कायद्यावरच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला १७६५ मध्ये, ‘ऑट्रँटो’च्या पाठोपाठ. त्यानुसार लग्न झालं की बाईचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विरघळून जाई. तिचे दागिने, रोकड, कमाई त्याची. जमिनीचं उत्पन्नही त्याचं. फक्त ती कायमची विकायची तर तिची संमती लागे. माहेरची माणसं शहाणी असली तर लग्नाआधी करार करून काही मालमत्ता तिच्यासाठी वेगळी बांधून ठेवत. आपल्याकडच्या स्त्रीधनाशी थोडीफार मिळतीजुळती सोय. मोंटोनीला सही हवी असते ती याच पळवाटेमुळे.

यातला विनोद असा की ‘उडॉल्फो’साठी प्रकाशकाने रॅडक्लिफला ५०० पौंड दिले. त्या काळी कादंबरीला हा आकडा अचाट होता. कायद्याने ते पैसे तिच्या नवऱ्याचे. त्यांचा संसार सुखाचा होता, म्हणून प्रश्न आला नाही इतकंच. लेखनातून मिळवलेला पैसा विवाहितेचा स्वतःचा, असं इंग्लंडच्या कायद्याने मान्य केलं ते १८७० मध्ये.

आपण काय करतोय याची रॅडक्लिफला स्वच्छ जाण होती. तिच्या मृत्यूनंतर, १८२६ मध्ये छापलेल्या एका निबंधात तिने भीतीचे दोन प्रकार केले. एक धास्ती : काहीतरी आहे, पण दिसत नाही, अशा वेळी माणसाचं मन ताणून उभं राहतं, सगळ्या शक्ती जाग्या होतात. दुसरा थरकाप : समोर प्रेतच पडलंय, मन तिथेच गोठतं. ‘द मंक’ लिहिणारा मॅथ्यू लुईस थरकापाचा शाहीर. रॅडक्लिफने धास्ती निवडली, कारण तिच्या नायिकांना गोठून चालणारच नव्हतं. त्यांना कडी शोधायची होती, सही टाळायची होती.

जेन ऑस्टिनने या सगळ्याची भरपूर थट्टा केली. तिची ‘नॉर्थँगर ॲबी’ची पहिली हस्तलिखित प्रत प्रकाशकाने १८०३ मध्ये १० पौंडांना घेतली आणि तशीच ठेवून दिली, पुस्तक निघालं ते तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस. त्यातल्या कॅथरिनने ‘उडॉल्फो’ वाचून डोकं भरवून घेतलंय. वादळी रात्री काळ्या कपाटात तिला कागदांची गुंडाळी सापडते, नेमकी मेणबत्ती विझते आणि ती रात्रभर तळमळते. सकाळी बघते तर धोब्याचा हिशेब! शर्ट, मोजे, गळपट्टे, शिवाय घोडीला बांधलेल्या पोटिसाचं बिल.

थट्टा इथेच थांबली असती तर गोष्ट सोपी होती. पण ही मुलगी श्रीमंत नाही हे कळताच घराचा मालक, जनरल टिल्नी, तिला रविवारी सकाळी सातला गाडीत बसवून हाकलतो. ७० मैल, सोबत कुणी नाही, हातात पुरेसे पैसेही नाहीत. त्याने बायकोला मारलं असावं, हा कॅथरिनचा संशय चुकीचा होता. माणूस ओळखण्यात ती फारशी चुकली नव्हती.

मेरी वॉलस्टनक्राफ्टने तर किल्लाच काढून टाकला. तिच्या अपुऱ्या राहिलेल्या, १७९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मरिया’ कादंबरीत नवरा पैशासाठी बायकोला गुंगीचं औषध पाजून वेड्यांच्या खासगी इस्पितळात डांबतो. तिचं तान्हं मूल हिरावलं जातं. इथे पडदा, पुतळा, भुयार यांची गरजच नाही. ज्या घरात बाई नांदते, तिथेच कडी बाहेरून आहे.

ही कादंबरी अपुरी राहिली, कारण सप्टेंबर १७९७ मध्ये, मुलीला जन्म दिल्यावर अकराव्या दिवशी वॉलस्टनक्राफ्ट गेली. आईचं नाव घेऊन वाढलेली ती मुलगी १८ व्या वर्षी जिनिव्हाच्या सरोवराकाठी एक गोष्ट लिहायला घेते. तिच्यात किल्ला नाही, कोंडलेली नायिका नाही. एका विद्यार्थ्याची वरच्या मजल्यावरची खोली आहे, आणि जन्माला घालून वाऱ्यावर सोडलेला एक जीव. त्याच्याकडे पुढच्या आठवड्यात.