पेटी टिकते, फोम टिकत नाही

कॅमेरा, दुर्बीण, मोजणीची उपकरणे, व्हायोलिन यांसाठी आपण चांगली भक्कम पेटी घेतो आणि निर्धास्त होतो. पण कडक कवच धूळ, पाणी आणि ओरखडे थोपवते. धक्का झेलतो तो आतला फोम. एक मीटरवरून पडलेली वस्तू फोम दाबत दोन सेंटिमीटर अंतरात थांबली, तर ती थांबताना तिच्यावर सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५० पट जोर येतो. फोम बसून गेला असेल आणि ती दोन मिलिमीटरमध्येच थांबली, तर हाच जोर ५०० पटींच्या घरात जातो. म्हणून फोम हा पेटीचा ठरावीक आयुष्य असलेला सुटा भाग मानावा आणि वेळेवर बदलावा.

पेट्यांमध्ये सर्रास आढळणारा मऊ, करडा किंवा काळा स्पंज पॉलियुरेथेनचा असतो. त्यातल्या पॉलिएस्टर प्रकाराचे रेणू हवेतल्या ओलाव्याने तुटतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्लच पुढची झीज वाढवते. पॉलिइथर प्रकार ओलाव्याला अधिक तोंड देतो, पण प्रकाश आणि उष्णतेने त्याचे ऑक्सिडीकरण होते. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीला श्वसनयंत्रे परत मागवावी लागली, त्यामागे त्यांतल्या पॉलिएस्टर-पॉलियुरेथेन फोमची झीज हे मुख्य कारण होते. कोकण किंवा मुंबईच्या पावसाळ्यात पेटी कपाटात महिनोन्‌महिने बंद राहिली, तर या झिजेला अनुकूल परिस्थितीच मिळते.

‘पेटी वापरलीच नाही, मग फोम खराब कसा होईल?’ असे कुणी विचारेल. ही झीज रासायनिक असल्याने ती न वापरताही होते. म्हणूनच चिकट किंवा भुगा होऊ लागलेल्या फोमला ठिगळ लावण्यात अर्थ नाही. उरलेला भागही त्याच वाटेवर असतो. फोम निरोगी असून फक्त फाटला असेल, तर मात्र तुकडा चिकटवून काम भागते. ‘सिलिका जेलची पुडी ठेवली की झाले’ हेही अर्धसत्य आहे. पुडी ओलावा शोषते, पण तिची क्षमता संपते आणि झालेली झीज तिने भरून येत नाही.

बदलायचाच असेल, तर तसाच स्पंज पुन्हा घालू नये. संग्रहालये दीर्घकाळ जतनासाठी पॉलिइथिलीनचा बंद छिद्रांचा फोम पसंत करतात, कारण तो पाणी धरत नाही आणि रासायनिकदृष्ट्या स्थिर असतो. तो हाताला कडक लागतो, ही तक्रार खरी आहे. पण जड वस्तूखाली मऊ स्पंज पूर्ण दबून तळाला टेकतो, आणि मग त्याचा उपयोग उरत नाही. हलक्या, नाजूक वस्तूला मात्र मऊ थर हवाच. म्हणून वजन पाहून घनता ठरवावी, गरज पडल्यास दोन प्रकारांचे थर लावावेत. जुना फोम खरवडून काढावा, चिकट अवशेष आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, पण आधी कोपऱ्यावर चाचणी घ्यावी. कागदी साचा करून धारदार पात्याने खाचा कापाव्यात, वस्तूभोवती दोन-तीन सेंटिमीटर फोम उरू द्यावा. चिकटद्रव्य वापरल्यास पेटी उघडी ठेवून त्याची वाफ पूर्ण जाऊ द्यावी, मगच उपकरण आत ठेवावे. आत ठेवायच्या वस्तूच्या किमतीपुढे हा खर्च नगण्य असतो. तो वाचवण्यासाठी झिजलेल्या फोमवर विसंबणे म्हणजे भक्कम पेटीवर केलेला खर्चही वाया घालवणे.