हरळीचा हिशेब

आमच्याकडे वावरात हरळी दिसली की माणूस विळा नाही, कुदळ शोधतो. वरून कापून ती मरत नाही. पेराएवढा तुकडा जमिनीत राहिला तरी पंधरा दिवसांत पुन्हा डोकं वर काढते. निंदणाला आलेल्या बाया कपाशीच्या तासात हरळी बघून आधी सुस्कारा टाकतात, मग कामाला लागतात. गणपतीपुढे हिलाच दूर्वा म्हणून मान मिळतो, पण वावरात मात्र हिच्यासारखा वैरी नाही.

गोल्फच्या मैदानाला नेमकी हीच चिवट हरळी लागते. उष्ण मुलखातली बहुतेक मैदानं तिच्याच निवडक जातींवर उभी आहेत. ती पायाखाली तुडवलेली सोसते, खुरटी कापलेली सोसते, उन्हाळ्यात पिवळी पडून झोपी जाते आणि पहिल्या सरीला उठते. यवतमाळच्या माणसाला गोल्फ समजून घ्यायचा असेल तर त्यानं क्लबाच्या फाटकातून नको, या गवताकडून आत शिरावं.

गोल्फ म्हटलं की सदस्यत्व, शिफारस आणि लांबलचक प्रतीक्षायादी आठवते. मुंबईचा विलिंग्डन क्लब १९१८ चा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७ चा. तिथलं हिरवेपण बाहेरच्या माणसाला बसच्या खिडकीतूनच दिसतं. म्हणून मला खारघरचं मैदान महत्त्वाचं वाटतं. सिडकोनं डोंगराच्या कुशीत, सुमारे १०३ हेक्टर जागेवर ते आखलं आणि २०१२ साली अकरा होल खुले केले. तिथे खेळण्यासाठी कुणाच्या ओळखीची गरज नाही. त्या दिवसाचे पैसे भरा, खेळा, घरी जा. दिल्लीत लाडो सरायला विकास प्राधिकरणाचं कुतुब गोल्फ कोर्स याच रीतीनं चालतं. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे: जमीन आधीपासून सार्वजनिक संस्थेच्या हातात होती. जमिनीचं व्याज ज्या मैदानाच्या डोक्यावर बसतं, ते स्वस्त राहूच शकत नाही. पुढचं सगळं गणित या एका वाक्यानंतर सुरू होतं.

हे गणित मी आमच्या जिल्ह्यासाठी कागदावर मांडून पाहिलं. अठरा होलला पन्नास-साठ हेक्टर लागतात; नऊ होल वीस-पंचवीस हेक्टरमध्ये बसतात. म्हणून नऊच धरले. दर दहा मिनिटांना चौघांची एक टोळी सुटते. सकाळचे तीन आणि संध्याकाळचे दोन तास सोडले तर ऊन खेळू देत नाही. पाच तासांत १२० माणसं सुटू शकतात, पण छोट्या गावात एक तृतीयांश आली तरी देवच पावला म्हणायचं. चाळीस माणसं, प्रत्येकी शंभर रुपये, म्हणजे दिवसाला ४,००० आणि महिन्याला १,२०,०००. सहा माणसं ४०० रुपये रोजानं कामाला ठेवली तर ७२,००० मजुरीत गेले. उरले ४८,०००.

आता पाणी. ज्या गुळगुळीत चकतीवर शेवटी चेंडू ढकलत भोकात घालतात तिला ग्रीन म्हणतात. एक ग्रीन ५०० चौरस मीटरची धरा. अशा नऊ ग्रीन म्हणजे ४,५०० चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी दिलं तर २२,५०० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर हजार रुपयांना धरला तरी महिन्याला ६७,५०० रुपये. संपला खेळ! शिल्लक पुसून वर १९,५०० चा खड्डा, आणि अजून डिझेलचा थेंबही मोजलेला नाही. मधले आठ हेक्टर पट्टेही हिरवे ठेवायचे ठरवले तर रोज चार लाख लिटर लागतील. शहरात माणशी १३५ लिटरचा मापदंड धरला तर हे जवळजवळ तीन हजार माणसांचं पाणी झालं. निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली तो २०१८ चा उन्हाळा ज्या गावानं भोगला, नळाला पाणी कधी येईल हे जिथे लोक कॅलेंडरवर खुणा करून मोजत होते, त्या गावात हे मागण्याचा हक्क कुणालाही नाही. मला यात तडजोड मान्य नाही.

मग जुन्या माणसांनी काय केलं? छावण्यांत, रेल्वेच्या वसाहतींत पाणी नव्हतं तिथे त्यांनी ग्रीनच्या जागी ब्राऊन केले. बारीक वाळू चाळायची, तिला तेल पाजायचं, दाबून सपाट करायची. प्रत्येक टोळी गेली की गोणपाट ओढून पावलांच्या खुणा पुसायच्या. ऑस्ट्रेलियात ओपल खाणींच्या कूबर पेडी गावात असं मैदान आजही आहे. तिथे गवताचं पातं नाही, खेळाडू चटईचा तुकडा बरोबर घेऊन फिरतात आणि त्यावर चेंडू ठेवून मारतात. वाळूत जळकं इंजिन ऑइल ओतायला मात्र माझा विरोध आहे, ते शेवटी विहिरीतच उतरतं. नुसता ओलावा आणि रोळा फिरवला तरी छोट्या मैदानाला चालतं. ब्राऊन केले की टँकर जातो आणि ते ४८,००० परत हातात येतात. नफा इथेच आहे.

यंत्राच्या भाषेत सांगायचं तर गोल्फचं मैदान म्हणजे गवत कापणारा कारखाना. देखभालीत सर्वांत मोठा वाटा मजुरीचा, आणि आमच्याकडची खरी अडचणही तीच. गवत जोमानं वाढतं जून ते सप्टेंबर, म्हणजे ऐन निंदण-डवरणीच्या दिवसांत. त्या दिवसांत मजूर शोधणाऱ्याला शेतकऱ्याशी स्पर्धा करावी लागेल, आणि ती करू नये. त्याऐवजी गवत कापणाऱ्यालाच चारा नेऊ द्यावा. ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत तो पहाटे येईल. मात्र मग त्या गवतावर एकही औषध मारता येणार नाही. २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं गेली. खेळासाठी पाठीवर पंप चढवावा असं आमच्यापैकी कुणाला वाटणार नाही.

जागा कोणती? काळी नकोच. पावसाळ्यात ती फुगते, बूट धरून ठेवते, आणि मे महिन्यात अशा भेगा पडतात की चेंडू आत गेला तर हात घालूनही सापडत नाही. लागतं ते बरड, मुरमाड, उताराचं रान, जिथे कपाशी गुडघ्याच्या वर जात नाही. पाणी झरझर निथळतं, चेंडू टणटणत पळतो. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज असंच समुद्रकाठचं, नांगराच्या उपयोगाचं नसलेलं वाळूचं रान आहे. ते गावाचं गायरान होतं. तिथे खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क १५५२ च्या सनदेत लिहिलेला आहे. आजही रविवारी सहसा खेळ बंद असतो आणि गावकरी कुत्री घेऊन त्या जगप्रसिद्ध गवतावर फिरतात. विदर्भात जिला आपण ई-क्लास म्हणतो ती चराऊ जमीन अशीच गावाची. म्हणूनच तिला कुंपण घालून गुराखी बाहेर काढणाऱ्या मैदानाची मला गरज वाटत नाही. सकाळी खेळ, दहानंतर गुरं, संध्याकाळी पुन्हा खेळ, हा करार कागदावर उतरला तरच पाऊल टाकावं.

आणि खेळणार कोण, असं विचारणाऱ्यांनी चेंबूरला जावं. बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या आजूबाजूच्या वस्तीत कॅडी म्हणून राबणाऱ्या पोरांनी लोखंडी सळ्या वाकवून काठ्या केल्या आणि प्लास्टिकचा चेंडू घेऊन ती गल्लीबोळांत खेळली. पत्र्याच्या दोन भिंतींमधून, गटार चुकवून चेंडू न्यायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या काठ्या वाहताना त्यांनी खेळ डोळ्यांनी शिकून घेतला होता.

मागच्या फेब्रुवारीत, पऱ्हाटी उपटून झाल्यावर, मी आणि माझा पुतण्या धुऱ्यालगतच्या बरडावर बसलो. गोल्फचं भोक १०८ मिलिमीटर रुंद असतं. आमच्या बोअरचा उरलेला चार इंची पाइप जवळजवळ तेवढाच. वीतभर तुकडा कापून मुरमात बसवला. नाल्याची वाळू चाळणीनं चाळली, चार घमेली पसरली, दोन बादल्या पाणी शिंपडलं आणि भरलेल्या पिंपाचा रोळा फिरवला. सळई गावातल्या लोहारानं वाकवून दिली. पहिला चेंडू वाळूत रुतला. आणखी एक बादली पाणी, आणखी दहा फेऱ्या. मग तो सरळ गेला, पाइपाच्या काठावर थांबला आणि आत पडला. आवाज ऐकून गुराखी काका बांधावरून उतरले. काठीला टेकून त्यांनी दोन-चार फटके पाहिले, चपला काढल्या, वाळू पायानं चाचपली आणि म्हणाले, “उतार नाल्याकडं हाय बापू, थोडं वरून मार.”

पुतण्यानं थोडं वरून मारलं.