जुना अल्बम, नवा निकाल

नवा अल्बम ऐकण्याआधी तुम्ही त्याला किती स्टार मिळालेत ते बघता का? आपल्यापैकी बरेच जण बघतात. हॉटेलचं रेटिंग बघतो, मिक्सरचं बघतो, तसंच हेही. फरक एवढाच की मिक्सर सहा महिन्यांनी बिघडला तर रेटिंग चुकलं होतं हे कळतं. अल्बमचं रेटिंग चुकलं होतं हे कळायला कधी वीस वर्षं लागतात, कधी चाळीस.

एक उदाहरण घ्या. ‘पिचफोर्क’ ही अमेरिकेतली संगीत समीक्षेची मोठी वेबसाइट. 2001 मध्ये तिने डाफ्ट पंकच्या ‘डिस्कव्हरी’ या अल्बमला 10 पैकी 6.4 गुण दिले. 2021 मध्ये त्याच वेबसाइटने आपल्या काही जुन्या निकालांचा फेरविचार केला आणि त्याच अल्बमला 10 पैकी 10 दिले. गायिका लिझ फेअरच्या 2003 च्या अल्बमला तर आधी चक्क 0.0 होते, ते 6.0 झाले. अल्बममधला एक सूरही बदलला नव्हता, बदलले होते ते ऐकणारे.

नव्या अल्बमच्या समीक्षकाची अडचण समजण्यासारखी आहे. अल्बम शुक्रवारी येतो, लेख लगेच हवा असतो. दोन-तीनदा ऐकून मत द्यायचं. पण जुना अल्बम पुन्हा प्रकाशित होतो तेव्हा हातात वेळ असतो, इतिहास असतो, आणि अल्बममागची कहाणीही असते. खरी गडबड या कहाणीपाशीच होते. आपल्याच देशातल्या दोन अल्बमांवरून ते छान कळतं. दोन्ही 1982 चे.

मुंबईचे चरणजीत सिंग

चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे मुंबईतले वादक. गिटार, बास, कीबोर्ड, नवीन वाद्य आलं की ते वाजवणारच. रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं त्यांनी मिळवली: ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे ताल वाजवणारं यंत्र आणि टीबी-303 हे बासचे सूर वाजवणारं छोटं यंत्र. या तिघांवर त्यांनी दहा राग वाजवले. एचएमव्हीने, म्हणजे आजच्या सारेगामाने, ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नावाने तो अल्बम काढला. भैरवी, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. प्रत्येक राग साधारण पाच मिनिटांचा.

अल्बम चालला नाही. शास्त्रीय संगीतवाल्यांना तो थिल्लर वाटला असेल आणि डिस्कोवाल्यांना गाणं कुठंय असा प्रश्न पडला असेल, असा माझा अंदाज.

पुढे एका डच संग्राहकाच्या हाती ती तबकडी लागली आणि 2010 मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलने ती पुन्हा प्रकाशित केली. परदेशात खळबळ माजली. कारण टीबी-303 चा तो गुळगुळीत, घसरता आवाज ही ‘ॲसिड हाऊस’ या नृत्यसंगीताची ओळख मानली जाते आणि त्याची सुरुवात शिकागोच्या फ्युचर या गटाच्या 1987 च्या ‘ॲसिड ट्रॅक्स’पासून धरतात. मग हे मुंबईत पाच वर्षं आधी कसं? काहींना तर ही थापच वाटली, कुणीतरी आजच्या संगीतकाराने जुनं कव्हर लावून केलेली गंमत. ब्रिटिश संगीतकार एफेक्स ट्विनचं नावही या संशयात आलं.

संशय फिटला आणि समीक्षांचे मथळे ठरून गेले: ‘ॲसिड हाऊसचा खरा जनक भारतीय’. आपल्याला हे वाचून बरं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण हे शब्द बाजूला ठेवून अल्बम ऐका. फ्युचरच्या मंडळींनी 303 ची बटणं पिरगाळून तो आवाज आंबवला, ताणला, विद्रूप केला, आणि तीच त्यांची कला. सिंग यांना त्यात रस नव्हता. त्यांचं 303 खाली पळत राहतं आणि वर ज्युपिटर-8 राग गातो. यंत्र एकच, पण प्रत्येकाने त्यातून वेगळं काही काढलं. शिवाय शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकून काही केलं, असंही नाही. सिंग स्वतः मुलाखतींत साधं सांगायचे की चित्रपटांत तेव्हा डिस्कोची चलती होती, म्हणून डिस्को घेऊन काही वेगळं करावंसं वाटलं.

म्हणजे समीक्षकांनी त्यांचं कौतुक केलं, पण त्यांनी न केलेल्या गोष्टीसाठी. जे केलं, त्याबद्दल कमी लिहिलं गेलं.

काय केलं त्यांनी? रागसंगीतात पाश्चात्त्य संगीतासारखे कॉर्ड बदलत नाहीत. तानपुऱ्याचा षड्ज सुरू असतो आणि सगळं त्याच्याभोवती फिरतं. नाचायच्या यंत्रसंगीताचंही तसंच, खाली एकच घोळ आणि वर थोडाथोडा बदल. या दोन गोष्टी एकमेकींत चपखल बसतात हे त्यांच्या कानाने ओळखलं. 303 मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, ती आपल्या मींडेच्या जवळची. ललतमध्ये पंचम नाही, मध्यम मात्र दोन्ही. इतका नाजूक राग धडधडत्या तालावर उभा राहतो, हे ऐकूनच पटतं.

उणिवाही आहेत. दहाही राग जवळपास एकाच चालीने पळतात. पहाटेचा ललत आणि मध्यरात्रीचा मालकंस एकाच वेगाने दौडू लागले की रागाची वेळ, त्याचं थांबणं हरवतं. सलग ऐकलं तर सहाव्या-सातव्या रागाला कंटाळा येतो. आमच्या घरी मी वर्ष न सांगता हा अल्बम लावला, तर बाबांनी विचारलं, “कुठल्या जाहिरातीचं आहे?” हीसुद्धा समीक्षाच की!

चरणजीत सिंग उतारवयात परदेशी रंगमंचांवर हे राग वाजवून आले. 2015 मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. निदान दाद त्यांच्या हयातीत मिळाली.

रूपा यांचा शनिवार

दुसरा अल्बम रूपा बिस्वास यांचा ‘डिस्को जॅझ’. बंगालच्या या तरुण गायिकेने तो कॅनडातल्या कॅलगरीत रेकॉर्ड केला. सरोदवर आशिष खाँ, म्हणजे अली अकबर खाँ यांचे चिरंजीव, आणि तबल्यावर प्राणेश खाँ. अल्बममध्ये फक्त चार गाणी. नाझिया हसनचा ‘डिस्को दिवाने’ 1981 मध्ये येऊन गाजला होता, रूपा यांच्या वाट्याला मात्र तसं काही आलं नाही. अल्बम विस्मरणात गेला. अनेक वर्षांनी ‘आज शनिबार’ हे गाणं इंटरनेटवर लाखोंनी ऐकलं, मूळ तबकड्या भारी किमतीला विकल्या जाऊ लागल्या आणि 2019 मध्ये शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने अल्बम रीतसर पुन्हा काढला.

इथेही समीक्षा कहाणीतच रमतात: विसरलेली गायिका, कपाटातली तबकडी. कहाणी गोड आहेच. पण अल्बम कसा आहे? ‘आज शनिबार’ खरोखर सुंदर. रूपा यांचा आवाज घाई करत नाही, सरोद डिस्कोच्या तालात उगाच चिकटवलेला वाटत नाही. शेवटचं गाणं मात्र पंधरा मिनिटांहून लांब आहे आणि त्यातली पाच-सहा मिनिटं वादकांनाच मजा येत असावी. ही कहाणी नसती तर एवढी लांबण समीक्षकांनी खपवून घेतली असती का? मला शंका आहे.

‘रीमास्टर्ड’ म्हणजे काय?

तुमच्या ॲपवर जुन्या अल्बमपुढे हा शब्द दिसतो. रीमास्टर म्हणजे तयार ध्वनिमुद्रणाची शेवटची सफाई नव्याने करणं. रीमिक्स त्याहून खोल, त्यात आवाज आणि वाद्यांचं प्रमाणच बदलतं. बीटल्सच्या 1966 च्या ‘रिव्हॉल्व्हर’चं 2022 मध्ये असं रीमिक्स झालं. एकाच पट्टीवर मिसळलेली वाद्यं सॉफ्टवेअरने सुटी करून पुन्हा मांडली गेली.

तुलना करायची असेल तर एक काळजी घ्या. नवी आवृत्ती बऱ्याचदा मुद्दाम मोठ्या आवाजात बनवलेली असते आणि मोठं ते आपल्या कानाला चांगलंच वाटतं. व्हॉल्यूम सारखा करून ऐका, मग ठरवा. नवी आवृत्ती ‘जिवंत’ वाटते असं समीक्षक म्हणतो तेव्हा हेच झालेलं असू शकतं.

आणि हो, चरणजीत सिंग फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. 808 चा ठोका आणि 303 चा बास त्यात येतच नाहीत, उरतं ते वरचं पीपीप. इअरफोन लावा आणि सुरुवात कलावतीपासून करा. एका बैठकीला तीन राग पुरेत. माझ्याकडून या अल्बमला 10 पैकी 8, रूपा यांना 7. बाबांना विचाराल तर दोन्हींना 5.