समुद्राच्या रानात पाहुणा म्हणून

जळगाव-पिंप्राळ्याकडील सहली कोकणात उतरल्या, की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जोडीला आता मालवणच्या 'स्कूबा'चाही बेत ठरतो. फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी १९४३ साली सिद्ध केलेल्या श्वसनयंत्रामुळे सामान्य मनुष्यही समुद्रतळ पाहू शकतो, ही निःसंशय आनंदाची गोष्ट आहे. तथापि, आपण कोठे उतरतो आहोत याची जाणीव त्या आनंदाबरोबर येतेच असे नाही.

कॅलिफोर्नियाच्या थंड पाण्यात 'केल्प' नावाच्या शेवाळाची उंच अरण्ये असतात. आपल्या उष्ण समुद्रात ती नाहीत. परंतु १६६४ साली शिवछत्रपतींनी ज्या कुरटे बेटावर किल्ल्याचे काम आरंभिले, त्याच्या आसपासच्या खडकांवर सारगॅसम या तपकिरी शेवाळाची राने वाढतात. त्यांच्या आडोशाने लहान मासे जगतात. जवळच प्रवाळ आहेत. प्रवाळ दगडासारखे दिसतात, पण ते असंख्य सूक्ष्म प्राण्यांचे घर असते. त्यांतील काही जाती वर्षाकाठी जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. छायाचित्रासाठी त्यावर क्षणभर टेकलेला पाय कित्येक वर्षांची वाढ मोडू शकतो.

या परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. उपजीविकेवर गदा येईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला. तो केवळ अज्ञानातून आला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढणाऱ्या गाबितांना नियम सांगायचे आणि पैसे मोजून तासाभरासाठी येणाऱ्या पाहुण्याला मात्र मोकळीक द्यायची, हा कोणता न्याय? संरक्षणाचे नियम मच्छीमारांना सोबत घेऊन ठरावेत आणि ते पर्यटकांनाही तितक्याच कठोरपणे लागू व्हावेत.

सरकारने काय करावे हे सांगणे सोपे असते. आपल्या हातीही काही आहे. सहल निघण्यापूर्वी शिक्षकांनी एक तास याच विषयाला द्यावा. प्रवाळाला हात लावू नये, माशांना बिस्किटे वा पाव घालू नये, शंख-प्रवाळ उचलून आणू नयेत, एवढे तरी विद्यार्थ्यांना पटवून द्यावे. आपल्या तापीचे पाणीही अखेर याच अरबी समुद्रास मिळते. तो समुद्र परका नव्हे. मात्र त्यात आपण पाहुणे आहोत, आणि पाहुण्याने घरातली वस्तू मोडू नये, हा खानदेशातही पाळला जाणारा शिष्टाचार आहे.