बाळंतिणीच्या उशाशी बसणाऱ्या बाया

अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी अशा राज्यांत, गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सुईणींची बैठक भरायची. काउंटीच्या आरोग्य खात्याची परिचारिका टेबलामागे बसायची आणि सुईणी एकेक करून आपली काळी पिशवी तिच्यापुढे उघडायच्या. धुतलेला पांढरा एप्रन, टोपी, कात्री, नाळ बांधायची फीत, बाळाच्या डोळ्यांत घालायचे सिल्व्हर नायट्रेटचे थेंब, जन्मनोंदीचे कोरे कागद. आत एवढंच सापडायला हवं. आजीकडून शिकलेल्या पाल्याची किंवा मुळीची पुडी निघाली, तर परवाना धोक्यात. काही जणी म्हणून दोन पिशव्या ठेवत, एक तपासणीची आणि एक कामाची.

लोक त्यांना ‘ग्रॅनी मिडवाइफ’ म्हणत. गुलामगिरीच्या काळापासून हे काम आईकडून लेकीकडे, मावशीकडून भाचीकडे चालत आलं होतं. मळ्यावरच्या गुलाम बायकांची बाळंतपणं त्या करत, तशी मालकिणींचीही करत. 1865 मध्ये गुलामगिरी संपली, पण गरीब कृष्णवर्णीय वस्तीत डॉक्टर फिरकत नव्हता आणि वर्णभेदामुळे कित्येक रुग्णालयांची दारं बंद होती. अशा गावांत पिढ्यान् पिढ्या बाळं आली ती याच बायांच्या हातांवर. नाळ कापली की त्यांचं काम संपत नसे. घरात चूल पेटवायची, मोठ्या पोरांना जेवू घालायचं, बाळंतिणीचे कपडे धुवायचे, पुन्हा दोन-चार दिवसांनी चक्कर मारून ताप नाही ना, दूध येतंय ना हे बघायचं. मोबदला म्हणजे थोडे डॉलर, नाहीतर कोंबडी, भाजी, आणि बऱ्याचदा काहीच नाही.

जॉर्जियातल्या ऑल्बनी गावच्या मेरी कोली या त्यांतल्याच. राज्याच्या आरोग्य खात्याने सुईणींच्या प्रशिक्षणासाठी जॉर्ज स्टोनी या दिग्दर्शकाकडून ‘ऑल माय बेबीज’ हा चित्रपट करून घेतला, तो मेरी कोलींवर. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीचा हा चित्रपट, त्यात खरंखुरं बाळंतपण दाखवलं आहे. तीन हजारांवर बाळंतपणं केलेल्या या बाईंचा शांत, ठाम वावर पाहताना प्रशिक्षणपट बघतोय हे विसरायला होतं. 2002 मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला. चित्रपट झाला त्याच सुमारास, डिसेंबर 1951 मध्ये, ‘लाइफ’ साप्ताहिकात यूजीन स्मिथ यांची एक छायाचित्रमालिका आली होती: दक्षिण कॅरोलिनातल्या मॉड कॅलन, शिकलेल्या परिचारिका-सुईण, चिखलाच्या रस्त्यांनी घरोघर फिरणाऱ्या. वाचकांनी हजारो डॉलर पाठवले आणि 1953 मध्ये तिथे दवाखाना उभा राहिला.

कौतुक झालं, पण ही परंपरा मोडायची हे तोवर ठरलेलं होतं. 1912 मध्ये जॉन्स हॉपकिन्सचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक व्हिट्रिज विल्यम्स यांनी देशभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी प्रसिद्ध केली. साध्या डॉक्टरांना बाळंतपणाचं शिक्षण इतकं तोकडं मिळतं, की त्यांच्या हातून सुईणींइतकंच, कधी त्यांच्याहून जास्त नुकसान होतं, असं त्यांतल्याच बहुतेक प्राध्यापकांनी कळवलं होतं. तरीही निष्कर्ष निघाला तो रुग्णालयं वाढवा, सुईणी हळूहळू संपवा असा. 1921 च्या शेपर्ड-टाउनर कायद्याने माता-बालकांच्या आरोग्यासाठी पहिल्यांदा केंद्राचा पैसा आला. त्यातून सुईणींना प्रशिक्षण मिळालं, स्वच्छतेची सवय लागली, आणि त्याचबरोबर नोंदणी, परवाना, तपासणी हेही आलं. पुढे परवाने कमी कमी होत गेले. अलाबामात 1976 च्या कायद्याने या पारंपरिक सुईणपणावर बंदी आली आणि उरलेले परवानेही काही वर्षांत काढून घेतले गेले. ग्रीन काउंटीतल्या मार्गारेट चार्ल्स स्मिथ या तिथल्या अखेरच्या सुईणींपैकी एक. 1949 मध्ये त्यांना परवाना मिळाला होता. त्यांनीही तीन हजारांवर बाळं या जगात आणली.

रुग्णालयाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. नागरी हक्क कायद्यानंतर 1960 च्या दशकात दक्षिणेतल्या रुग्णालयांची दारं उघडली, तेव्हा मिसिसिपीत जुलाब आणि न्यूमोनियाने दगावणारी कृष्णवर्णीय बाळं वाचू लागली, हे अर्थशास्त्रज्ञांनी आकड्यांनिशी दाखवलं आहे. रक्तस्राव सुरू झाला की रक्त लागतं, झटके आले की औषध आणि शस्त्रक्रियागृह लागतं. हरवली ती दुसरी गोष्ट. बाईला नावाने ओळखणारी, तिचं म्हणणं खरं मानणारी, घरी जाऊन बघणारी बाई उशाशी राहिली नाही. तिच्या जागी नवं कोणी नेमलंही नाही.

1960 मध्ये अमेरिकेत हजार जन्मांमागे गोऱ्यांची सुमारे 23 बाळं वर्षाच्या आत जात होती आणि कृष्णवर्णीयांची 44. 2022 मध्ये हे आकडे साडेचार आणि जवळजवळ अकरा होते. दोन्हीकडची बाळं वाचली, पण कृष्णवर्णीयांचा आकडा आधी गोऱ्यांच्या दुपटीच्या आत होता, तो दुपटीहून वर गेला. आयांचं तसंच. 2023 मध्ये एक लाख जन्मांमागे 14.5 गोऱ्या माता गेल्या, कृष्णवर्णीय 50.3. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातला हा आकडा आहे.

याची कारणं शोधताना पहिलं उत्तर गरिबी असं येतं. ते पुरत नाही. पदवीधर कृष्णवर्णीय बाईला बाळंतपणात मरणाचा धोका शाळाही पुरी न केलेल्या गोऱ्या बाईपेक्षा जास्त असतो, हे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, 2019 मध्ये मांडलं. दुसरं उत्तर रक्ताचं, वंशाचं. रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या शिकागोच्या बालरोगतज्ज्ञांनी 1997 मध्ये ते खोडून काढलं. इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदी त्यांनी तपासल्या. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या आयांच्या बाळांचं सरासरी वजन 3333 ग्रॅम भरलं, गोऱ्या आयांच्या बाळांचं 3446, आणि अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय आयांच्या बाळांचं 3089. दोष वंशात असता तर आफ्रिकेहून आलेल्या आयांची बाळं सर्वांत हलकी निघाली असती. अमेरिकेत कृष्णवर्णीय म्हणून वाढण्यातच काहीतरी असं आहे जे गर्भापर्यंत पोचतं. संशोधक आर्लिन जेरोनिमस यांनी 1992 मध्ये त्यालाच झीज म्हटलं: रोजचा अपमान, रोजची सावधगिरी, यांनी शरीर वयाआधी झिजतं.

आणि मग दवाखान्यात कृष्णवर्णीय बाईचं ऐकलं जात नाही. शॅलन अर्व्हिंग स्वतः सीडीसीतल्या साथरोगतज्ज्ञ होत्या. विषमतेने माणूस आजारी कसा पडतो हाच त्यांचा विषय. जानेवारी 2017 मध्ये मुलगी झाली. त्यानंतर टाक्यांची तक्रार, सूज, चढता रक्तदाब घेऊन त्या पुन्हा पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या. तीन आठवड्यांत, वयाच्या 36 व्या वर्षी त्या गेल्या. नात आता वांडा अर्व्हिंग या आजीच्या पदरात आहे, आणि लेकीच्या नावाने काढलेली संस्थाही. रिओ ऑलिंपिकमध्ये 4 × 100 मीटर रिले जिंकणाऱ्या चौघींपैकी टोरी बोवी 2023 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी, आठ महिन्यांची गरोदर असताना घरात मृत सापडली. ॲलिसन फीलिक्स आणि टियाना बार्टोलेटा या तिच्या दोन जोडीदारणीही बाळंतपणात मरणाच्या दारात जाऊन आल्या. जगातल्या सर्वांत तंदुरुस्त चौघींतल्या तिघींची ही गत.

सीडीसीच्या पाहणीत 2017 ते 2019 या वर्षांतले गरोदरपणाशी संबंधित शंभरांतले 84 मृत्यू टाळता येण्याजोगे होते. निम्म्याहून अधिक मृत्यू बाळंतपणानंतर एक आठवडा ते एक वर्ष या काळातले. म्हणजे बाई बाळ घेऊन घरी गेल्यावरचे. ज्या दिवसांत पूर्वी सुईण चक्कर मारायची, तेच दिवस.

म्हणून बायांनीच पुन्हा सुरुवात केली. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला कॅथरिन हॉल-ट्रुहियो सरकारी आरोग्य खात्यात काम करत. 1988 मध्ये त्यांनी ‘बर्थिंग प्रोजेक्ट’ काढला. कल्पना अगदी साधी: एका गरोदर बाईमागे एक मैत्रीण. तपासणीला सोबत जायचं, रात्री फोन आला तर उचलायचा, बाळाचा पहिला वाढदिवस होईपर्यंत साथ सोडायची नाही. पगारी तज्ज्ञ नको, शेजारची अनुभवी बाई चालेल. हा उपक्रम पुढे अनेक शहरांत आणि देशाबाहेरही गेला.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते फ्लोरिडातलं काम. जेनी जोसेफ इंग्लंडमध्ये सुईणपणाचं शिक्षण घेतलेल्या. तिथे सुईण ही आरोग्यसेवेचा कणा. 1989 मध्ये अमेरिकेत आल्या तर त्यांच्या शिक्षणाला तिथे जागाच नव्हती. नव्याने परवाना मिळवून त्यांनी 1998 मध्ये ‘कॉमनसेन्स चाइल्डबर्थ’ ही संस्था काढली आणि ऑर्लँडोजवळच्या विंटर गार्डन गावात दवाखाना सुरू केला. नियम एकच, दारात आलेल्या बाईला परत पाठवायचं नाही. विमा नाही, पैसे नाहीत, सातवा महिना लागला म्हणून दुसरीकडे नाकारलं, तरी ये. बाळंतपण रुग्णालयात करायचं असेल तर तिथे कर, गरोदरपणातली तपासणी इथे होईल आणि कागदपत्रं तयार मिळतील. तपासणीइतकंच महत्त्व तिथे बोलण्याला आहे. दारातल्या खुर्चीवर बसलेल्या बाईपासून सुईणीपर्यंत प्रत्येकीने येणारीला ओळखायचं, तिच्या घरचं विचारायचं, तिला कळेल असं सांगायचं. या दवाखान्यात आलेल्या कृष्णवर्णीय बायांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांचं प्रमाण त्या काउंटीतल्या इतर कृष्णवर्णीय बायांपेक्षा कमी निघालं. महागडं यंत्र नाही, नवं औषध नाही. जोसेफ यांनी सुईणींची शाळाही काढली, आणि 2020 मध्ये ती राष्ट्रीय मान्यता मिळालेली कृष्णवर्णीय मालकीची पहिली खासगी सुईण-शाळा ठरली.

याच्या उलट बाजूचा अनुभवही बोलका आहे. कॅलिफोर्नियाने 2006 पासून रुग्णालयांची शिस्त सुधारली, रक्तस्राव आणि रक्तदाबासाठी ठरावीक पद्धती घालून दिल्या, आणि मातामृत्यू निम्म्यावर आणले. फार मोठं यश. पण तिथेही कृष्णवर्णीय आणि गोऱ्या आयांमधलं अंतर तसंच राहिलं.

अटलांटात केंद्र असलेली ‘ब्लॅक मामाज मॅटर अलायन्स’ ही अशा सुईणी, डूला, डॉक्टर, संशोधक बायांच्या संस्थांची आघाडी. डूला म्हणजे वैद्यकीय काम न करता बाळंतिणीला धीर देणारी, तिची बाजू मांडणारी सोबतीण. 2018 पासून ही आघाडी 11 ते 17 एप्रिल हा कृष्णवर्णीय मातांच्या आरोग्याचा सप्ताह पाळते. 11 एप्रिल हा आंतरराष्ट्रीय मातृआरोग्य आणि हक्क दिन, म्हणून ही तारीख. मराठी वाचकाला मात्र ती वाचताच दुसरंच काही आठवेल. त्याच दिवशी 1827 मध्ये जोतीराव फुले जन्मले. त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या भल्या लोकांना. आणि फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणं गुप्तपणे आणि सुखरूप व्हावीत म्हणून 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेही जोतीराव-सावित्रीबाईंनीच. समाजाने टाकलेल्या बाईचं बाळंतपण आपल्या घरात करणं, ही क्रांती त्यांनी आधी करून दाखवली होती. अटलांटातल्या बायांना हे ठाऊक असायचं कारण नाही. आपल्याला असावं.

कायद्याची लढाई संथ आहे. एप्रिल 2019 मध्ये लॉरेन अंडरवूड आणि अल्मा ॲडम्स या दोन खासदारांनी संसदेत या प्रश्नासाठी गट स्थापन केला. अंडरवूड स्वतः परिचारिका आणि शॅलन अर्व्हिंगच्या मैत्रीण. 2020 मध्ये त्यांनी ‘मॉमनिबस’ नावाने विधेयकांचा गठ्ठा मांडला. त्यातलं माजी सैनिक मातांबद्दलचं विधेयक नोव्हेंबर 2021 मध्ये कायदा झालं, बाकीचा मोठा भाग अडकून पडला. त्याहून मोठा फरक पडला तो मेडिकेडच्या एका बदलाने. गरिबांसाठीच्या या सरकारी विम्यावर देशातली दहांतली चार बाळंतपणं होतात. बाळंतपणानंतर तो साठ दिवसांनी संपत असे. 2022 पासून राज्यांना तो वर्षभर देण्याची मुभा मिळाली आणि जवळपास सगळ्या राज्यांनी ती घेतली. डूलांचं मानधनही काही राज्यं मेडिकेडमधून देऊ लागली आहेत. तरी परिचारिका-सुईणींचं शिक्षण घेतलेल्यांत कृष्णवर्णीय बाया दहांत एकसुद्धा नाहीत, आणि ग्रामीण भागातले प्रसूती विभाग एकामागून एक बंद होत आहेत.

अमेरिकेत आपली माणसं आता थोडी नाहीत, आणि त्यांत डॉक्टर, परिचारिका, विमा कंपन्यांत आणि रुग्णालयांच्या संगणक विभागांत काम करणारे पुष्कळ आहेत. जिथे जिथे 11 एप्रिलला जोतीरावांची जयंती साजरी होते, तिथल्या मंडळींना एवढंच सांगणं आहे: त्या आठवड्यात आपल्या शहरातलं असं एखादं केंद्र शोधा. त्यांना तपासणीला नेणारी गाडी हवी असते, डायपर हवे असतात, हिशेब लिहिणारं माणूस हवं असतं, देणगी हवी असते. आणि जे स्वतः डॉक्टर आहेत त्यांनी, बाळंतीण ‘मला बरं वाटत नाहीये’ म्हणाली, की तिला घरी पाठवण्याआधी रक्तदाब पुन्हा एकदा मोजावा.